चाळीस फूट काठ

२२ मे १९७३, मंगळवार. तलावातल्या शिंगाड्यांचा तीन वर्षांचा हर्रास अठराशे पन्नास रुपयांना सुटला. हजर होते आमच्या कचेरीचे साहेब, तिघे बोली बोलणारे, आणि अटी वाचून दाखवणारा कारकून, म्हणजे मी. अटी मीच लिहिल्या होत्या.

त्यातली पाचवी अशी: पाण्याच्या कडेपासून चाळीस फूट काठ ठेकेदाराच्या ताब्यात राहील, त्याच्या परवानगीवाचून तिथून कोणी उतरू नये. शिंगाडे चोरीला जात, आणि काढलेल्या मालाचे ढीग घालायला जागा लागे, म्हणून ही अट. चाळीस हा आकडा अंदाजाचा नव्हता. शिपायाला फीत धरायला लावून मी स्वतः मोजला होता. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने तलाव तळाला गेला होता. पाण्यापासून चाळीस फूट आलो तरी आम्ही भेगाळलेल्या गाळातच उभे होतो. घाटाच्या पायऱ्या कितीतरी मागे होत्या.

माझा मोठा भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. रुईची गठाण कमरेवर पडली आणि त्याचे पाय गेले. तेव्हापासून तो माझ्याकडेच. रिठदच्या एका लोहाराकडून त्याने तेलाच्या पिंपांचा पत्रा जोडून लहानसा डोंगा करून घेतला होता. संध्याकाळी मी त्याला हातगाडीवर घाटापर्यंत नेई, पायरीवरून डोंग्यात बसवी. वल्हं हातात आलं की त्याला माझी गरज उरत नसे. तासभर एकटाच फिरे. मासे नाहीत, काही नाही. दिवसातला तेवढाच तास त्याला कोणी उचलायला लागत नसे. दुष्काळात डोंगा वर्षभर अंगणात पालथा पडून होता.

ऑगस्टात तलाव भरला. दादाने जमिनीवर सरकत सरकत डोंग्याला स्वतः डांबर लावलं. दोन दिवसांनी आम्ही निघालो. पाणी वरून चौथ्या पायरीला टेकलं होतं आणि पायऱ्यांच्या वर, अगदी रस्त्याला लागून, बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. पलीकडे ठेकेदार खाटेवर बसला होता.

"बाबूजी, तुमीच तं वाचून दाखवलं होतं," तो म्हणाला. "पान्यापासून चाळीस फूट. मोजून घ्या, फीत देऊ का?"

मोजायची गरज नव्हती. पायऱ्या पार करून चाळीस फूट रस्त्यापर्यंत येत होते. बाकी काठ एक तर उभ्या दरडीचा, नाहीतर शेतांच्या कुंपणाचा. गाडी जाईल असा घाट तेवढा एकच.

"एका मानसासाठी सोडा न भाऊ," मी म्हणालो.

"आज तुमाले सोडतो, उद्या अर्धं गाव डोंगे घेऊन येते. मंग माहे शिंगाडे कोन राखीन?"

हातगाडीवरून दादा म्हणाला, "लहान्या, तुले फूट मोजता येते. पानी का एका जागी बसून राह्यते?"

मी हातगाडी परत वळवली. 

दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो.

"मासेमारी?"

"नाही, साहेब."

"शिंगाडा?"

"नाही. संध्याकाळचं जरा फिरायला."

"फिरायला नाव कशाला? काठावर बसा."

"काठही ठेक्यात आहे, साहेब."

त्यांनी अटींचा कागद मागवला, पाचवी अट वाचली, माझं अक्षर ओळखलं आणि हसले. "तुम्हीच बांधलंय की हो." करार तीन वर्षांचा. सही झालेला. तो बदलता येत नाही हे मला त्यांच्याआधी माहीत होतं.

सप्टेंबरात दादा हातगाडीचं नाव काढेना. ऑक्टोबरात जेवण अर्ध्यावर आलं. दंड बघता बघता बारीक झाले. एकदा वल्हं उचलून पाहिलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. "तीन वर्सं हे हात राह्यतीन काय?" एवढंच म्हणाला.

नोव्हेंबरात मी लाज सोडून ठेकेदाराकडे गेलो. काय घ्याल ते घ्या, म्हणालो.  "मानूस मरून राह्यला का काय घरी?" तो म्हणाला. वर्षाचे साठ रुपये ठरले, कुंपणात गाडीपुरती वाट. पावती घेऊन मी जवळजवळ धावत घरी आलो.

अंगणात तो रिठदचा लोहार छिन्नी घेऊन बसला होता. डोंगा निम्मा कापून झाला होता. दादा दारात बसून पाहत होता.

"न्हाणीवर छप्पर होईन," तो म्हणाला. "गळते ते."

पावती मी खिशातच ठेवली. दादाला ती कधी दाखवली नाही.

शहात्तरच्या हर्रासात पाचव्या अटीत मी "घाटाच्या पायऱ्या वगळून" असे शब्द घातले. तेव्हा दादा नव्हता.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी मी ठेकेदाराला साठ रुपये दिले. आणि पत्रा कापण्याची मजुरी, साडेचार रुपये, लोहाराला.