धूळ नसलेली खोली

काकूंच्या घरात धुळीला थारा नव्हता. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा सासूबाई रोज सकाळी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवायच्या आणि ते उजेडात धरून बघायच्या. तोंडाने काही बोलायच्या नाहीत, बोटच काय ते बोलायचं. पुढे सासूबाई गेल्या, त्यांच्यामागे काकाही गेले, पण ते बोट काही काकूंच्या डोक्यातून गेलं नाही. सकाळी उठलं की तोंडात देवाचं नाव आणि हातात ओलं फडकं. यातली पूजा कुठली आणि काम कुठलं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरात उरल्या होत्या त्या आणि त्यांच्या नणंदबाई. काकू त्यांना वन्सं म्हणत. वन्संचे गुडघे कधीच गेले होते, पण जीभ शाबूत होती. मागची खोली रिकामी पडली म्हणून काकूंनी ती विद्यापीठातल्या एका परदेशी मुलीला भाड्याने दिली आणि वन्संच्या जिभेला कायमचं काम मिळालं.

मुलगी नदीच्या गाळावर संशोधन करायची. "चिखल शिकायला एवढी लांब आली? हिच्या देशातला चिखल संपला काय?" वन्संनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि तेव्हापासून अख्ख्या गल्लीत ती चिखलबाई झाली. खरं नाव लांबलचक होतं, काकूंच्या जिभेवर ते कधी बसलंच नाही. त्या तिला पोरी म्हणत, ती त्यांना काकू म्हणे. त्यांना तेवढं पुरत होतं.

खोलीत शिरायचं म्हणजे मात्र काकूंच्या जिवावर यायचं. खिडकीत गाळाच्या बरण्या, टेबलावर कागदांचा ढीग, गादीवर ओला टॉवेल आणि कुठेतरी एखादा उष्टा कप. "तुझ्या खोलीत हरवलेली वस्तू शोधायला पोलीस लागतील," असं काकू म्हणायच्या. पोरगी हसायची आणि पसारा तसाच राहायचा. एकदाच काकूंनी त्या पसाऱ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पोरीचे वडील गेले तेव्हा. हा देश सोडला तर परतीची परवानगी नव्याने मागावी लागणार होती आणि ती मिळेलच, याची कुणी खात्री देईना. ती गेली नाही. त्या पसाऱ्यातच दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि काकू दाराशी ताट ठेवत राहिल्या.

त्या सकाळी पोरगी बूट घालता घालता म्हणाली, "काकू, ऑफिसातून कुणीतरी येईल. नवा नियम आलाय. आम्ही बाहेरच्या देशातले विद्यार्थी कागदावरच्या पत्त्यावर खरंच राहतो का, ते घरी येऊन बघतात."

"येऊ देत की. मी सांगेन, राहते म्हणून."

"नुसतं सांगून ते ऐकत नाहीत. नाही पटलं तर लिहितात, पत्त्यावर आढळली नाही. मग राहायची परवानगी रद्द. प्रबंध अर्धा असो की पुरा, सामान बांधायचं."

"मग आज घरीच थांब ना!"

"या आठवड्यात येणार एवढंच कळवलंय, दिवस सांगितला नाही. आणि प्रयोगशाळेतल्या मशीनवर माझा नंबर आज लागलाय. तो गेला की पुढचा कधी, देव जाणे."

ती गेली. दार लागताच वन्संनी आतून सूर लावला, "वहिनी, साहेब लोक येणार आणि तो उकिरडा बघणार? म्हणतील, माणसं राहतात का डुकरं!"

काकूंना तेवढं बस झालं. त्यांनी पदर खोचला.

बरण्या पुसून माळ्यावर गेल्या. कागद ट्रंकेत गेले आणि कपडे घड्या होऊन कपाटात. चादर, अभ्रे, टॉवेल, सगळं धुऊन गच्चीवर वाळत पडलं आणि गादीवर कोरी चादर इतकी ताणून बसली की तिच्यावर माशी बसली असती तर घसरली असती. कंगवा, ब्रश, साबण, सगळं खणात. फरशी तीनदा पुसली. शेवटी कचऱ्याची काळी पिशवी गाठ मारून फाटकाशी ठेवली. दुपारी गाडी येते, ती नेईल. दारात उभं राहून काकूंनी खोलीवर नजर फिरवली आणि समाधानाने हात जोडले. आता यावं कुणीही.

आणि दुपारीच बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, उन्हाने दमलेली एक तपासनीस बाई उभी होती. पाणीसुद्धा नको म्हणाली. सरळ मागच्या खोलीत गेली आणि उंबऱ्यातच थांबली.

"इथे कोण राहतं?"

"ती पोरगी. तीन वर्षं झाली."

"पूर्ण नाव सांगा तिचं."

काकूंनी तोंड उघडलं. नावाची सुरुवात आली, पुढचं घशातच अडकलं.

"तीन वर्षं राहते आणि नाव माहीत नाही?"

"अहो, अवघड आहे ते. मी पोरी म्हणते. गल्लीत सगळे चिखलबाई म्हणतात."

तपासनीस बाई हसली नाही. तिने खोलीभर पाहिलं, मग हात पुढे केला आणि खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोट उजेडात धरलं. स्वच्छ होतं.

त्या बोटाला धूळ लागू नये म्हणून काकूंनी आयुष्यभर जिवाचं रान केलं होतं. आज देवाने ते बोट परत पाठवलं होतं आणि आजच त्याला धूळ लागायला हवी होती.

"आजी, खरं सांगा," तपासनीस बाईचा आवाज चढला नाही, म्हणूनच जास्त भीती वाटली. "अशा खोल्या मी रोज बघते. कोरी चादर, रिकामं टेबल. लोक नुसता पत्ता भाड्याने देतात. विद्यार्थी दुसऱ्याच गावात कुठेतरी कामाला असतो."

"नाही हो! मीच आवरलं सगळं. तुम्ही येणार म्हणून!" काकू धावत कपाटापाशी गेल्या. "हे बघा कपडे. ट्रंकेत कागद आहेत."

"कपडे कुणीही आणून ठेवतं. दाखवण्यासाठी ठेवलेल्या ट्रंकाही पाहिल्यात मी. फोन लावा तिला."

काकूंनी फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद झाला. प्रयोगशाळेत फोन कपाटात ठेवावा लागतो, हे त्यांना माहीत होतं, पण आता काहीही सांगितलं तरी ती सबब वाटणार होती. तपासनीस बाईने पेन काढलं.

काकूंनी डोळे मिटले. देवा, माझ्या हाताने मी त्या लेकराला पुसून टाकलं. अगदी फडक्याने पुसावं तसं.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी वाजली.

काकूंनी डोळे उघडले. त्या अशा पळाल्या की तपासनीस बाई दचकून बाजूला झाली. "वन्सं! गाडी थांबवा!"

वन्सं खिडकीत बसलेल्या होत्या. काय झालं, का झालं, काही न विचारता त्यांनी गजांतून हात बाहेर काढला आणि आयुष्यभर जपलेला सगळा आवाज एकदम सोडला. "ए गाडीवाल्या! थांब! पिशवीला हात लावलास तर बघ!"

गाडीवाल्याच्या हातात पिशवी होतीच. काकूंनी ती जवळजवळ हिसकावली आणि चपला न घालता तशाच आत आल्या. तीनदा पुसलेल्या फरशीच्या मधोमध त्यांनी गाठ सोडली आणि पिशवी उलटी केली.

भसकन सगळं बाहेर आलं. गाळाने माखलेले गाळणीचे कागद, संत्र्याच्या साली, चहाच्या पुड्या, फाटका मोजा, डोकेदुखीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, आकडेमोड करून चुरगळलेले कागद आणि कंगव्यातून काढलेला तांबूस कुरळ्या केसांचा गुंता. दोन म्हाताऱ्यांच्या त्या घरात एकाही डोक्यावर तसा केस नव्हता. ओला गाळ फरशीवरून ओघळत काकूंच्या पायापर्यंत आला. त्या हलल्या नाहीत.

तपासनीस बाई खाली वाकली. "हे एका दिवसाचं?"

"एका दिवसाचं कसलं! आठवड्याचं!" काकूंचा बांध फुटला. "सांगून सांगून जीभ झिजली माझी, रोज टाकत जा म्हणून. ऐकेल तर शपथ! ओला टॉवेल गादीवर, दिवा चालू, खिडकी सताड उघडी, चहा प्यायला की कप तिथेच. संत्र्याच्या साली खणात वाळवते, का तर वास छान येतो म्हणे! एवढी शिकलेली मुलगी, पण बादली म्हणून कधी उलटी ठेवायची नाही..."

"बस, बस," तपासनीस बाई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिने फरशीचा एक फोटो काढला आणि उभ्या उभ्याच काहीतरी लिहिलं. "नुसता पत्ता भाड्याने देणारा माणूस भाडेकरूबद्दल इतकं कुरकुरत नाही."

"म्हणजे राहील ना ती?"

"मी जे पाहिलं ते लिहिलं. ठरवणारे वर आहेत." दारापाशी ती वळली. "आम्ही पुन्हा येऊ. न सांगता. आणि आजी, तेव्हा आवरू नका."

ती गेल्यावर काकू त्या कचऱ्याशेजारीच खाली बसल्या. झाडू हाताशी होता, पण घेववेना. उचललं आणि बाई परत आली तर?

संध्याकाळी पोरगी आली तरी त्या तिथेच होत्या. तिला दारातून आधी रिकामं टेबल दिसलं, मग बरण्या नसलेली खिडकी, मग जमिनीवरचा कचरा. खांद्यावरची पिशवी गळून पडली.

"काकू... ते येऊन गेले? मला काढलं?"

"तुला कोण काढतंय?" काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "त्यांनी नाही, मीच काढत होते आज, आवरून आवरून. आढळलीस तू. कचऱ्यात आढळलीस. आता वरचे काय ठरवतात ते देवाच्या हातात. उभी काय राहिलीस? माळ्यावरच्या बरण्या काढ. ट्रंक उघड. होतं तसं कर सगळं."

पोरीला आधी काही कळेना. वन्संनी आतून सगळी कथा मीठमसाला लावून सांगितली, गाडी त्यांनी एकटीने कशी अडवली ते दोनदा. मग ती हसली आणि हसता हसता काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

रात्री चहा पिऊन झाल्यावर ती सवयीने कप खिडकीत ठेवायला गेली. मग लाजून तो धुवायला उचलला.

"राहू दे," काकू म्हणाल्या.

"धुते ना."

"राहू दे म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात देवाचं नाव आणि हातात ओलं फडकं घेऊन काकू मागच्या खोलीच्या दाराशी आल्या. खिडकीत कप होता, तळाशी चहाचा काळा डाग वाळला होता. काकूंचा हात शिवशिवला. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेरचा उंबराच पुन्हा एकदा पुसला.

"वहिनी, तुमच्या सासूबाई वरून बघत असतील हो," वन्सं म्हणाल्या.

"बघू देत," काकू म्हणाल्या. "त्यांना सांगा, परवानगीचा कागद येईपर्यंत तो कप जागचा हलणार नाही."