बारा बाटल्या आणि एक खोकं

आमच्या धंद्यात माल निघून जातो, खोकी निघून जातात, किस्से तेवढे मागं राहतात. नंदुरबारच्या लाल मिरचीचं लोणचं आम्ही काचेच्या बाटल्यांतून कुरिअरनं पाठवतो. लोक मला लोणच्याची रेसिपी विचारतात. अहो, लोणचं सोपं असतं. ते न फुटता पोचवणं, ही खरी रेसिपी!

आम्ही म्हणजे तिघं. मी, माझा नवरा दिलीप आणि सुमनमावशी. मावशींनी पंधरा-वीस वर्षं मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, बसून देठ खुडले. आता पॅकिंग त्यांच्याकडे आणि पॅकिंगची थिअरी दिलीपकडे.

अशात पुण्याच्या एका दुकानदार बाईंनी अट घातली. बारा बाटल्यांचं एक खोकं पाठवा. एकही फुटली नाही तर दर महिन्याला माल घेईन, फुटली तर विषय संपला. ही ऑर्डर लागली तर मावशींची पथारी कायमची सुटणार होती. नाही लागली तर पॅकिंगची खोली बंद, आणि मावशी परत उन्हात. मला जेवण जाईना. का जाईना, ते आमचा आधीचा रेकॉर्ड ऐकलात की कळेल.

*

सुरुवातीला आम्ही खोकी विकत घेत नव्हतो. ओळखीच्या मेडिकलमधून रिकामी मिळायची. ठाण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंना पहिलं पार्सल गेलं आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, लोणचं मस्त आहे. पण खोक्यावर सलाईन छापलंय. सासऱ्यांनी दारात पार्सल घेतलं आणि तेव्हापासून सगळ्यांना विचारतायत, मला नेमकं झालंय काय?"

त्या दिवशी ठरलं, खोकी आपली स्वतःची.

*

दिलीप सुरतेला गेला आणि एक हजार कोरी खोकी घेऊन आला. पाच पदरी पुठ्ठा, कडक, देखणा. तो इतका खूश होता की त्यानं एका खोक्यावर उभं राहून दाखवलं. मोडलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग मावशींनी बाटल्या आत ठेवल्या आणि झाकणपट्ट्या मिटायला गेल्या. मिटेनात. अर्धा इंच कमी! दिलीपनं माप घेतलं होतं, अगदी पट्टी लावून घेतलं होतं, पण झाकण न लावलेल्या बाटलीचं.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, बाटलीले झाकन लावानं का नही लावानं, ते आधी ठरावा."

पुढचे सहा महिने आमच्या गल्लीत चपलांपासून कांद्यांपर्यंत सगळं पाच पदरी खोक्यात होतं.

*

मग बरोबर मापाची खोकी मागवली. पण बबल रॅप महाग पडतो, म्हणून बाटल्यांच्या मधे भरायला काहीतरी हवं होतं. आयडिया मावशींची, पण नाचलो आम्ही तिघंही. मिरचीचे सुके देठ! पथारीवर ढीगच्या ढीग पडलेले असतात, हलके असतात, दाबले की स्प्रिंगसारखे वर येतात. प्लास्टिक नको, काही नको. आम्ही वीस पार्सलं भरून पाठवली सुद्धा.

आम्हाला काही जाणवलंच नाही. कसं जाणवणार? आम्ही लहानपणापासून त्याच हवेत श्वास घेतो. चार दिवसांनी नाशिकहून पहिला रिव्ह्यू आला.

"पॅकिंग उघडलं. लोणचं अजून चाखलं नाही. घरात सगळे अजून शिंकतायत."

मावशींना हे पटेना. त्यांनी ओंजळभर देठ नाकाशी नेले, छाती भरून वास घेतला आणि आमच्याकडे बघितलं. "यामा काय शे? काहीच तं लागत नही."

शेवटी दिलीपची ती बुटकी खोकी कात्रीनं कापली आणि त्यांच्या पट्ट्या भरायला घेतल्या.

*

आता खोकं टिकतं का, हे तपासायला हवं होतं. दिलीपनं व्हिडिओत बघितलं होतं की मोठ्या कंपन्या खोकी मशीननं हलवतात. मावशी म्हणाल्या, मशीन कसाले? तोरणमाळचा घाट शे ना.

बाटल्या भरून, टेप मारून, 'काच आहे, सांभाळून' असं ठळक स्टिकर लावून खोकं जीपवाल्याकडे दिलं. टपावर टाक, वर ने आणि परत आण. दुसऱ्या दिवशी खोकं आलं. उघडलं तर एकाही बाटलीला साधा ओरखडा नाही. दिलीप तर घरभर फिरून सांगायला लागला.

तेवढ्यात जीपवाला कौतुकानं म्हणाला, "स्टिकर वाचलं मी, भाऊ. खोकं पुढच्या सीटवर ठेवलं होतं. तिथले दोन पॅसेंजर टपावर बसवले."

पुढच्या खेपेला स्टिकर न लावता पाठवलं. आमचुराच्या पोत्यांखालून खोकं परत आलं, आणि बाटल्या शाबूत. तेव्हा कुठे पुण्याचं पार्सल भरायची हिंमत झाली.

*

पुण्याच्या बाईंनी ते पार्सल व्हिडिओ कॉलवर उघडलं. दुपारची वेळ होती. दिलीप ताटावरून तसाच उठून आला. मी मावशींचा हात घट्ट धरला होता.

बाई एकेक बाटली काढून टेबलावर ठेवत होत्या. नऊ. दहा. अकरा. मग त्यांनी खोकं उलटं केलं. नुसत्या पट्ट्या पडल्या.

"फुटलेलं काही नाही," बाई म्हणाल्या. "पण बारावी कुठंय?"

मावशींनी हात सोडवून घेतला आणि फोनपुढे गेल्या.

"बाई, एक बाटलीनं झाकन ढिलं व्हतं. तेल झिरपी ऱ्हायनं व्हतं. दुसरी भरेल बाटली नव्हती, कुरिअरवाला दारमा उभा. मी काढी लिधी."

"मावशी, बाराची अट होती!" दिलीपनं कपाळाला हात लावला.

पलीकडे बाईंनी अकराही बाटल्यांची झाकणं एकेक करून फिरवून बघितली. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून वीस खोकी पाठवा. पण भरणार या मावशीच."

मी तिथंच एका खोक्यावर बसले आणि सरळ रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे मी दिलीपसमोर बोलले. त्यानं ते मनावर घेतलं नाही. त्याची थिअरी जागी झाली होती.

"ते सगळं ठीक आहे, मावशी. पण मालाचा हिशेब लागायला पाहिजे. ती बारावी बाटली आहे कुठे?"

मावशींनी त्याच्या अर्धवट जेवलेल्या ताटाकडे बघितलं.

"चार दिन व्हयनात, भाऊ. भाकरसंगे काय खाई ऱ्हायनात तुम्ही?"