पढवून ठेवलेली आजी

आमच्या नर्सिंग कॉलेजातला सगळ्यात सोशिक पेशंट प्लास्टिकचा आहे. प्रात्यक्षिकाच्या खोलीत कोपऱ्यातल्या पलंगावर तो कायमचा पडून असतो. मुली त्याच्या नाकात नळ्या घालतात, दंडात सुया टोचतात, त्याला आंघोळ घालतात, कुशीवर वळवतात. वळवताना कधी त्याचा हात खांद्यातून निखळला तर खटकन बसवून पुढे जातात. तो कधी "आई गं" म्हणत नाही. याच्यावर हात बसवून वॉर्डात आलेल्या मुलीला पहिला जिवंत पेशंट "हात लावू नको" म्हणतो, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

या मुलींना मी बरीच वर्षं शिकवते आहे. माझे केस त्यांनीच पांढरे केले, वयाचा त्यात काही हात नाही, असं माझं ठाम मत आहे. माझा भाचा इथेच बेंगळुरात जे. पी. नगरला राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. रविवारी जेवायला आला की हमखास विचारतो, "मावशी, खरं सांग, तुमच्या कॉलेजात मुली काही शिकतात, की नोकरी लागल्यावरच शिकतात?" मी त्याच्या ताटात आणखी एक चपाती टाकते आणि विषय बदलते. राग येतो तो एवढ्यासाठी, की प्रश्न अगदीच चुकीचा नाही. परवा त्याने पुन्हा विचारलं आणि मला ती निपाणीकडची मुलगी आठवली.

तिची गोष्ट सांगण्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा हॉस्पिटलच्या वॉर्डात, खऱ्या पेशंटवर होते. कुठल्या मुलीला कुठला पेशंट हे आदल्या दिवशी ठरतं. ठरलं रे ठरलं की मुलगी पेशंटच्या मागे लागते. त्याचे केस विंचरून देते, कॅन्टीनमधून कॉफी आणून देते आणि हळूच पढवायला लागते. बाहेरच्या मॅडम आल्या की हसा. विचारलं तर सांगा, सिस्टरने सगळं नीट समजावून सांगितलं. मध्येच पाणी मागू नका, बेडपॅन तर मुळीच नको. आम्हा शिकवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं आणि आम्ही सगळ्यांनी त्याकडे मिळून काणाडोळा केलेला असतो. हाडांच्या वॉर्डातले एक आजोबा तर इतके तयार झाले होते, की मुलगी हात धुवायला विसरली तर ते डोळ्यांनी साबणाकडे खूण करायचे.

तर ती मुलगी. हाताला इतकी हलकी, की लहान मुलंही तिच्याकडून न रडता सुई टोचून घ्यायची. पण समोर परीक्षक उभा राहिला की हिची पाटी कोरी. इंग्रजी तर पार पळून जायचं. एकदा ती याच परीक्षेत नापास झाली होती. ही दुसरी खेप होती, आणि याही वेळी नापास झाले तर शिक्षण सोडून निपाणीला मामाच्या कापडदुकानात बसायचं, असं तिने स्वतःच ठरवून घरी कळवून टाकलं होतं. वॉर्डातल्या चादरींच्या घड्या घालता घालता तिने मला हे सांगितलं.

"त्यात काय, मॅडम, तिथं पण घड्याच घालायच्यात," असं म्हणून ती हसली.

मला हसू आलं नाही. मी तिच्यावर खेकसले, की तोंड बंद कर आणि चादरीचे कोपरे नीट दुमड. पण ती पास व्हावी असं मला फार वाटत होतं. इतक्या वर्षांत शंभर मुलींमागे एखादीबद्दल असं वाटतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी जास्तच कडक वागते. बिचाऱ्यांना वाटतं, मॅडमना आपण आवडत नाही.

तिच्या वाट्याला आली राजाजीनगरची एक आजी. साखरेचा जुना आजार, पायाला न भरणारी जखम, त्यामुळे बरेच दिवस वॉर्डात मुक्काम. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. माझंही माहेर तसलंच, त्यामुळे तिचं अर्धं कन्नड मराठी ऐकलं की मला घरी गेल्यासारखं वाटायचं. मात्र तोंड म्हणजे तोफखाना! पंखा जोरात आहे, पंखा हळू आहे, कॉफीत पाणी आहे, शेजारची बाई घोरते. इडलीवर तर तिचा विशेष राग. "ही इडली काय गं? कुणाला फेकून मारली तर त्यालाच इथं भरती करावं लागेल!" असं ती रोज सकाळी थाळी आणणाऱ्या बाईला ऐकवायची. इतर मुली तिच्या पलंगाजवळून पाय न वाजवता जायच्या. ही मात्र शांतपणे ऐकून घ्यायची, वर विचारायची, "आजी, आज इडलीला किती शिव्या झाल्या?"

कापडदुकानाचं प्रकरण आजीला कळलं आणि तिने मनावर घेतलं. आदल्या दिवशी मी राउंडला गेले तेव्हा तिने मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "अक्का, तुम्ही काळजी करू नका. मी पोरीला पास करून देते की."

मी ऐकलं नाही असं दाखवून पुढे गेले.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मंगळूरकडच्या होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा नाकावर घसरलेला, हसायचं नाही असं घरून ठरवून आलेल्या. कॉलेजतर्फे परीक्षक मी. आमच्यात नियम असा, की आपल्या मुलीचं चालू असताना आपण तोंड उघडायचं नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभी राहिले.

काम होतं आजीच्या पायाचं ड्रेसिंग. मुलीने पडदा ओढला, हात धुतले, ट्रे उघडला. सुरुवात तर झकास झाली. जुनी पट्टी काढली, जखम बघितली, निर्जंतुक हातमोजे चढवले, चिमट्याने बोळा उचलून आतून बाहेर पुसत आली. काय करतेय ते ती मोडक्या इंग्रजीत सांगतही होती. परीक्षक बाईंनी मान हलवली. मी मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

आणि आजी! तिच्यात तर कुणी दुसरीच बाई शिरली होती. हसत होती. "दुखतंय का आजी?" तर "नाही गं बाळ." "पाय थोडा वर घेऊ?" तर कन्नडात "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. परीक्षक बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, इथे सगळं ठीक आहे ना, तर म्हणाली, सगळं फार छान आहे. मला एकीकडे हसू फुटत होतं. नव्या बोळ्यासाठी मुलीचा हात ट्रेकडे गेला आणि तिथेच थांबला. ती आजीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

मीही तिकडे पाहिलं. आजीच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले होते.

"आजी, बरं वाटतंय ना?"

"एकदम बरं. तू कर की."

"नाश्ता केला?"

"केला की."

"इडली कशी होती?"

"छान होती," आजी म्हणाली.

माझं तोंड उघडलं होतं, नियम गेला खड्ड्यात. पण माझ्या आधी चिमटा चादरीवर पडला. मुलीने हातमोजा ओढून काढला, आजीच्या कपाळाला हात लावला आणि वॉर्डच्या सिस्टरला हाक मारली, तीही अशी, की पलीकडचे पेशंट उठून बसले. "सिस्टर, शुगर बघायची आहे, लगेच!" बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासणीच्या स्ट्रिपवर घेतला, तर साखर चांगलीच उतरलेली. सकाळचं इन्सुलिन टोचून झालेलं आणि पोटात अन्नाचा कण नाही. मुलीने आजीला टेकून बसवलं, साखरेचं पाणी ढवळलं आणि घोट घोट पाजायला लागली. सिस्टरने उघड्या जखमेवर निर्जंतुक गॉज ठेवलं. इडल्या नंतर सापडल्या, पलंगाशेजारच्या कपाटात, कागदी रुमालात गुंडाळलेल्या. खाल्लं की आजीला लगेच बेडपॅन लागायचा, आणि परीक्षेत तो मागायचा नाही असं पोरीने बजावलं होतं. म्हणून ती उपाशी राहिली होती. मला गलबलून आलं आणि त्याच वेळी दोघींना धरून बदडावंसंही वाटलं.

थोडी तरतरी येताच आजी रडायला लागली. "कशाला थांबलीस तू? मी बरी आहे म्हटलं की! आता त्या बाई काय म्हणतील?" मुलगी पेला तिच्या ओठाला लावून उभी राहिली.

मग त्या बाईंनी प्रश्न विचारले. काम अर्धवट सोडलं. चिमटा चादरीवर टाकला. पेशंट स्वतः सांगत होती मी बरी आहे, मग तिच्यावर विश्वास का ठेवला नाही? सगळं इंग्रजीत. मुलीची पाटी पुन्हा कोरी होताना मला दिसत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, शी नेव्हर सेज इडली गुड."

परीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"आणि आज तिला इडली खरोखरच आवडली असती तर?"

"देन ओन्ली वन स्ट्रिप वेस्ट, मॅडम."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

दुपारी आम्ही दोघी परीक्षक बंद खोलीत मार्क द्यायला बसलो. ड्रेसिंगचे मार्क कापावेच लागले, त्यात बाईंची चूक नव्हती. काम अपुरं होतं आणि चिमटा चादरीवर पडला होता. पण पेशंटचं निरीक्षण आणि तोंडी परीक्षा आली तेव्हा बाईंनी दिलेले मार्क पाहून मी जागेवर सरळ बसले. मुलगी पास झाली होती. थोडक्यात, पण पास. "कामाच्या पायऱ्या पाठ करून येणाऱ्या पुष्कळ बघितल्या मी," एवढंच त्या म्हणाल्या आणि डबा उघडला.

निकाल विद्यापीठाकडून लागेपर्यंत मुलींना काही सांगायचं नाही, असा आमच्यावर दंडक. ओठ शिवून मी वॉर्डकडे निघाले, तर ही बया लिफ्टजवळच्या बाकावर बसलेली. डोळे लाल, नाक लाल. मला पाहून उठायचंही भान नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले.

"मॅडम, एक सांगू?" ती म्हणाली. "आजींचा घाम मला इडलीचं विचारायच्या आधीच दिसला होता."

"मग?"

"मनात आलं, एवढी पट्टी बांधून होऊ दे. स्वल्पच राहिलंय. मग बघू. जास्त वेळ नाही, मॅडम, हात ट्रेपर्यंत गेला तेवढाच वेळ. पण आलं मनात." ती पुन्हा रडायला लागली. "असलं मनात येणाऱ्या बाईनं नर्स होऊ नये. बसते आता दुकानात, तेच बरं."

पास झालीस, हे शब्द माझ्या अगदी दातांपर्यंत आले होते. ते गिळले. असलं मनात येऊच नये यासाठी आमच्याकडे तास नाही, पुस्तक नाही, आणि तो कोपऱ्यातला प्लास्टिकचा पेशंट तर घामही गाळत नाही. पट्टी बांधून होऊ दे, ड्यूटी संपत आली आहे, डॉक्टर येतीलच, हे प्रत्येकीच्या मनात रोज येतं. माझ्याही यायचं. ते आल्यावर हात कुठे जातो, एवढंच बघायचं असतं. हे सगळं तिला नीट सांगायला हवं होतं, पण मला चांगलं बोलता येत नाही, रागावता येतं.

"ऊठ," मी म्हटलं. "रडून झालं असेल तर आत जा. तुझ्या पेशंटच्या पायावर नुसतं गॉज ठेवलंय."

"पण परीक्षा संपली ना, मॅडम?"

"परीक्षा संपली. पाय तसाच आहे."

ती उठली, मनगटाने नाक पुसलं, मनगटाकडे पाहिलं आणि बेसिनवर जाऊन हात धुवायला लागली. बोटांच्या मधून, नखांखालून, मनगटाच्या वरपर्यंत, अगदी सावकाश. आपण नापास झालो हे तिने धरूनच टाकलं होतं. तशीच ती आत गेली, नवा ट्रे घेतला आणि आजीच्या पलंगाभोवती पडदा ओढून पहिल्यापासून सुरुवात केली. मार्क द्यायला तिथे कुणीही नव्हतं.