तांब्याचा वायसर

बालाघाटात बैहर रोडला डोमाजी खोब्रागडेंचं डिझेल गाड्यांचं दुकान आहे. पत्र्याचं छप्पर, दारात कडुलिंब, आत बाबासाहेबांची तसबीर. इंजिन नुसतं ऐकून दुखणं सांगणारा माणूस, अशी त्यांची लामता-बैहरपर्यंत ख्याती.

जुना वायसर ते सहसा फेकत नसत. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याची बारकी चकती असते, तोच हा वायसर. ती दबली की इंजिनातला गॅस बाहेर येत नाही. एकदा दबलेलं तांबं कडक होतं. डोमाजी ते घरी बायकोच्या, लीलाबाईंच्या, शेगडीवर लालभडक तापवत, पाण्यात सोडत, मग काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून घासत. "तांबं नरम झालं का पुन्हा कामाचं," असं म्हणत. लीलाबाई मात्र शेगडीवरून रोज कुरकुर करायच्या.

मागच्या दिवाळीनंतर वीरेंद्र जीप घेऊन आला. बैहरच्या बाजूला सवारी नेणारा पोरगेला ड्रायव्हर. इंजिनातून फुस-फुस आवाज येत होता आणि एका इंजेक्टरभोवती डांबरासारखी काजळी जमली होती.

"काका, इंजेक्टरच गेला वाटते," तो म्हणाला.

"कोन्या अनाड्याच्या हातानं खोललं असन," डोमाजी बोलून गेले.

इंजेक्टर बाहेर निघाला, त्याच्यासोबत वायसरही आला. डोमाजींनी टॉर्च धरून भोकात पाहिलं. त्यांना काहीच दिसलं नाही, नुसतं धुकं. गेलं वर्षभर असंच होत होतं, पण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी वाकडी तार आत घालून बुडाशी फिरवली. तार एका कडेला अडकली. हळूहळू ओढत आणली, तर दुसरा वायसर निघाला. काळा, चपटा, काजळीनं इंजिनाच्या हेडशी एकजीव झालेला.

म्हणजे जुना काढलाच नव्हता. त्याच्यावरच दुसरा बसवला होता, म्हणून इंजेक्टर उंच राहून गॅस सुटत होता.

"वीरेंद्र, हे शेवटी कोनं खोललं होतं?"

"तुमीच तं, काका. गेल्या उन्हाळ्यात. त्याच्यानंतर कोनीच हात नाही लावला."

डोमाजी स्टुलावर बसले. चाळीस वर्षांत हाताखालच्या पोरांना त्यांनी एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती : आधी भोक पहा, मग वायसर टाका. आणि त्यांनीच भोक पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी दिसलं नसतं.

 वीरेंद्रला खरं तर काही कळलंही नव्हतं. डोमाजी गप्प राहिले असते, तर जीप दुरुस्त होऊन निघून गेली असती.

"माह्या हातानं झालं हे," ते म्हणाले. "अनाडी मीच. मले आता भोकातलं दिसत नाही."

वीरेंद्र हसायला गेला, पण त्यांचा चेहरा पाहून थांबला. "मंग काय करायचं, काका?"

"तू भोकात पाय. मी सांगतो. टॉर्च धर, बूड चमकते का, सांग."

वीरेंद्रनं वाकून पाहिलं. एका बाजूला काळं चिकटलंय, म्हणाला. डोमाजींनी तारेवर कापड गुंडाळून ते पुसलं. तीन वेळा पाहून झालं, तेव्हा वीरेंद्र म्हणाला, "आता साफ हाय." वरचा वायसर डोमाजींनी बोटानं चाचपला. कडेला जळून खाच पडली होती. "हे तापवूनही कामाचं नाही," म्हणत त्यांनी तो बाजूला टाकला आणि नवाच बसवला.

जीप सुरू झाली. फुस-फुस थांबली होती.

दुकान लवकर बंद करून ते घरी आले आणि लीलाबाईंना सगळं सांगितलं.

"काहून नाही सांगितलं इतके दिवस?" त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, फक्त दवाखान्याच्या कागदांची पिशवी काढायला उठल्या.

डिसेंबरात एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दीड महिना दुकान बंद होतं. उघडल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी एका ट्रॅक्टरचं हेड पुढ्यात घेतलं आणि भोकात बराच वेळ पाहत राहिले. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, काही मोठं बिघडलंय.

"काय झालं, काका?"

"काही नाही," डोमाजी म्हणाले. "पाहून राह्यलो."