चढावरचा निवारा

उजवा हात खांद्याच्या वर, पंजा उघडा, बोटं एकमेकांना चिकटलेली. आमच्या ग्रामसेवकांची आठवण आली की मला आधी तो हात दिसतो. पंचायत समितीच्या आवारात चहावाला किटली घेऊन पुढं निघाला की त्यालाही ते त्याच हातानं थांबवायचे. चहावाला म्हणायचा, "भाऊसाहेब, मी काय निलंग्याची यष्टी हाय का?"

"तू तरी थांबतोस बाबा. तुझे लई उपकार."

हाताची ही सवय त्यांना कशी लागली, ते सांगायचं तर निवाऱ्यापासून सांगावं लागेल.

मी पंचायत समितीत बांधकामांच्या अनुदानाचं टेबल बघतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाप मुरुडच्या बाजारात हमाली करायचा. कागद वाचता येत नाही म्हणून त्याला खिडकीवरून कितीदा हाकललेलं मी पाहिलंय. म्हणून माझ्या टेबलावरचा कागद नियमात बसूनच पुढं जाणार, याचा मला अभिमान होता. आहे.

भाऊसाहेब ज्या गावाचे ग्रामसेवक होते, तिथं आत एस्टी जात नाही. फाट्यावर उभं राहावं लागतं. रस्ता रुंद झाला तेव्हा फाट्यावरचं लिंबाचं झाड गेलं, आणि बाजाराला निघालेल्या बाया पाट्या घेऊन उन्हात बसू लागल्या. भाऊसाहेब निवाऱ्याच्या मागं लागले. प्रस्ताव, ठराव, सगळं स्वतः घेऊन यायचे. अनुदान मंजूर झालं त्या दिवशी त्यांनी अख्ख्या ऑफिसला भजी खाऊ घातली.

तुम्हीही असे निवारे पाहिले असतील. गाडी थांबते एकीकडं, निवारा दुसरीकडं, आणि आत एखादं कुत्रं झोपलेलं. आपण म्हणतो, कुणा शहाण्यानं हा इथं बांधला? तो कसा बांधला जातो, ते मी सांगतो.

कामाचे तीन फोटो मोबाइलवरच्या सरकारी ॲपमधून टाकावे लागतात. सुरू होण्याआधीचा, चालू असतानाचा आणि पूर्ण झाल्यावरचा. फोटोबरोबर जागेचीही नोंद होते. त्या फाट्यावर रेंज नाही, आणि रेंज नसली की ते ॲप उघडतच नाही. मग भाऊसाहेब पुढं चालत गेले. वर चढावर रेंज आली. तिथल्या मोकळ्या माळाचा त्यांनी फोटो टाकला. मोकळी जागा इथून तिथून सारखीच, असं त्यांना वाटलं. आमच्याकडं सगळेच असं करतात.

काम फाट्यावर सुरू झालं. दुसऱ्या फोटोसाठी त्यांनी कुणाचा तरी फाट्यावर रेंज धरणारा फोन आणला. फोटो गेला, आणि माझ्या कॉम्प्युटरवर लाल अक्षरं आली. जागा जुळत नाही.

मार्च संपत आला होता. भाऊसाहेब माझ्या टेबलासमोर उभे होते, बसले नाहीत.

"साहेब, चूक माझी हाय. पण जरा पुढं-मागं करता येत न्हाई का?"

"जागा बदलायची तर जिल्ह्याची नव्यानं मंजुरी लागेल. तोवर पैसा परत जाईल."

"मग?"

"पहिला फोटो जिथला आहे, तिथं बांधा."

"तिथं गाडी थांबत न्हाई हो."

"ते माझ्या टेबलाचं काम नाही, भाऊसाहेब."

माझं बोलणं नियमाला धरून होतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण ते वाक्य मी ज्या आवाजात बोललो, तो आवाज मी लहानपणी खिडकीबाहेर उभा राहून ऐकलेला होता.

निवारा चढावर झाला. आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेब त्याच्यासमोर हात वर करून उभे राहू लागले. ड्रायव्हर चिडायचा. "भरली गाडी चढावर उभी केली तर तुम्ही ढकलनार का?"

"ढकलतो की! थांबीव तर आधी!"

एकदा गाडी खरंच तिथं बंद पडली. भाऊसाहेबांनी पिशवी खाली ठेवली आणि खरंच ढकलायला लागले. वय साठीला टेकलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. ड्रायव्हर शरमला. त्यानंतर ती गाडी थांबू लागली, मग बाकीच्याही.

मी म्हणालो, "आता पुरे करा. काम पूर्ण झालं, फाइलही बंद झाली."

"तुमची झाली असंल. मला फाट्यावरच्या बायांकडं बघवत न्हाई."

मग हळूहळू बायाही वर येऊन निवाऱ्यात बसू लागल्या. एक दिवस भाऊसाहेब घामाघूम होऊन ऑफिसात आले. चेहरा असा की घरात लग्न आहे. "आज शेडमध्ये मलाच जागा न्हाई मिळाली! भर उन्हात उभा होतो, साहेब!"

त्यानंतर ते निवृत्त झाले आणि कंधारकडं आपल्या गावी गेले.

गेल्या उन्हाळ्यात शाळेची भिंत बघायला मी त्या गावाला निघालो होतो. फाट्यावर बाया बसलेल्या, डोक्यावर पदर, पाट्यांवर ओली फडकी. वर चढावर निवारा रिकामा. मी जीप थांबवली.

"मावशी, शेड असताना इथं उन्हात का?"

"तितं चढावर रोज कोण जातंय? गुडघे राहिले का आमचे?"

"पण भाऊसाहेब होते तेव्हा तर जात होतात."

बाया एकमेकींकडं बघून हसल्या. मग ती मावशीच म्हणाली, "अवो, ते माणूस रोज हात वर करून हुबं राहायचं. चोरी केल्यावानी तोंड करून. आमाला बघवंना. म्हनून जायचो, त्याला बरं वाटावं म्हनून." आणि मी निघताना तिनं हाक मारली, "त्यान्ला सांगू नका बरं का!"

मी जीपमध्ये बसून काच वर केली. आत थंड होतं.

ऑफिसात येऊन मी त्या गावाचं नाव कॉम्प्युटरवर काढलं. प्रवासी निवारा, पूर्ण. तिन्ही फोटो जुळलेले, समोर हिरवी खूण. ती मीच केलेली. निवारा मिळालेल्या गावाला पुन्हा निवारा मिळत नाही.

भाऊसाहेबांचा अधूनमधून फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी झालं की ते हळूच विचारतात, "शेडमध्ये बसतेत का बाया?"

"बसतात."

परवा मी जरा जास्तच बोललो. "जागा पुरत नाही, भाऊसाहेब."

ते मोठ्यानं हसले.

"मग असं करा साहेब, अजून एक शेड मंजूर करा," ते म्हणाले. "अन् या बारी फोटो फाट्यावरच काढा. रेंज न्हाई आली, तर येईपर्यंत तिथंच हुबं राहा."

मी हो म्हणालो.