ओठ मिटून घेतलेले नाव

सन १९७२. गुढीपाडवा: पत्नीच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू एकाएकी लुळ्या पडल्या. मज्जातंतूंचा दुर्मीळ विकार. जबाबदार कोणी नाही. अक्षय्य तृतीया: वारे गेले म्हणून कढत तेलाची मालीश, गालाला फोड, जबाबदार माझी थोरली बहीण. वटपौर्णिमा: "या वयात बाईला चेहरा कशाला?" हे उद्गार, जबाबदार एक पदवीधर डॉक्टर. त्यांना मी रजिस्टर्ड पत्रे धाडली. उत्तर नाही.

नागपंचमीनंतर आम्ही देवळालीहून एस.टी.ने श्रीरामपूरला जाऊ लागलो. तिथल्या दवाखान्यात एक बाई विजेचे उपचार करीत. मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडक्याची घडी त्या गालावर ठेवीत, पेटीचे बटण फिरवीत आणि गाल हिच्या संमतीविना उडे.

"वीज गाल हलवते, मावशी. आता तुम्ही हलवा. यजमानांचं नाव घ्या. त्यात दोनदा ओठ मिटतात."

हिने नकारार्थी मान हलवली. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली होती. उखाण्याबाहेर हिने माझे नाव कधी घेतले नव्हते.

"कसं घ्यायचं? ते हितंच हायेत," ही लुळ्या ओठांतून कशीबशी बोलली.

"काका, बाहेर बसा."

"पती या नात्याने इथे हजर राहण्याचा मला अधिकार आहे."

"तो बाहेरच्या बाकावर बसून वापरा."

मी हरकत नोंदवली आणि बाकावर बसलो. त्यानंतर प्रत्येक खेपेला बसलो. आतून नुसती हवा सुटल्यासारखा आवाज येई. दसऱ्याच्या आधी एके दिवशी आतून माझे नाव आले, स्वच्छ, दोन्ही ठिकाणी ओठ मिटून. पाठोपाठ हसू. मी परवानगी न घेता आत शिरलो. हिच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला होता.

"पुन्हा घे," मी म्हणालो.

"लई हौस," म्हणत हिने घेतले.

मग बाईंनी घरीही सराव सांगितला. ही धुणे वाळत घालताना, भाकरी थापताना माझे नाव घेई, दर खेपेला थोडी जास्त हसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर विहिरीवरून मला नावाने हाक मारली. बायका थबकल्या. थोरली बहीण म्हणाली, "रीत सोडलीस व्हय गं? लोक काय म्हनतील?"

बहिणीस माझे लेखी कळवणे असे: हा उपचार आहे आणि तो चालू राहील. ज्या कोणाची हरकत असेल, त्याने पारावर यावे, हिच्या हसत्या तोंडाकडे पाहावे आणि या नावाने कोणाचे काय नुकसान झाले, याचे उत्तर चारचौघांत द्यावे.