जयनगरातून सोडलेलं पाणी

"थांबा अक्का, करंट आला," असं म्हणून आमचे वॉचमन एक बोट वर करायचे. आमच्या इमारतीत वीज जातच नाही म्हणा ना. गेलीच तर मान वर करून पंख्याकडे बघेपर्यंत जनरेटर सुरू झालेला असतो. त्यामुळे नवीन भाडेकरू आधी दिव्याकडे आणि मग या वॉचमनच्या तोंडाकडे बघत राहायचा. तुम्हीही बघितलं असतं. करंट आलेला असायचा तो निपाणीकडच्या त्यांच्या खेड्यात, उसाच्या रानात.

मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला अक्का. दोघांत मोठं कोण हे शेवटपर्यंत ठरलं नाही. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, या कानडी शहरातलं, त्यामुळे माझ्या तोंडून 'स्वल्प थांबा' आपसूक निघतं. त्यांना त्याचं फार हसू यायचं. "तुमचं मराठी कानडी झालंय अक्का, आनि माझं कानडी मराठी. दोगांचं मिळून एक धड हुतंय बगा."

शेतीला वीज फुकट मिळते हे आपण पेपरात वाचतो. ती कधी येते आणि कधी जाते हे कोणी छापत नाही. एका आठवड्यात पहाटे, दुसऱ्यात भर दुपारी, आणि मध्येच गुल. म्हणून अण्णांनी विहिरीवर सबसिडीतलं एक यंत्र बसवून घेतलं होतं. करंट आला की यंत्रातली बाई त्यांना फोन करून कानडीत तसं सांगायची. मग ते आधी बायकोला फोन लावायचे. "मोटारीपासनं लांब हाईस न्हवं?" ती हो म्हणाली की मगच यंत्राला उलटा फोन लावून एक आकडा दाबायचा. जयनगरच्या गेटवर आकडा दाबला की तिकडे पाणी सुटायचं, आणि ती खोरं घेऊन पाटाची मातीची दारं मोडत एकेका सरीत ते वळवायची. कुठल्या सरीला किती, हे तिचं काम. सोडायचं यांनी, पाजायचं तिनं.

संसार म्हणजे एवढाच. घरी जाणं व्हायचं ते सणावाराला. बायको म्हणे, "ती यंत्रातली बाई रोज तुमच्याशी बोलती, आनि मी बोलले की तुमाला गेट उगडायचं असतंय." हे सांगताना अण्णा लाजायचे. चाळिशी उलटलेला, मिशीवाला माणूस असा लाजला की मला त्यांची फार माया यायची.

"घरचं रान असताना इथे कशाला बसलात?" मी एकदा विचारलं.

"रान जगवायलाच की," ते म्हणाले. "पाणी फुकट, खत सवलतीत, पर वरच्या खर्चाला पगार लागतोय."

मग आमच्या सोसायटीची ती बैठक झाली. वॉचमन सारखा फोनवर असतो, अशी कुणीतरी तक्रार केली होती. मी म्हटलं, "अहो, मिनिटभराचं काम असतं, शेताला पाणी सोडतात ते." त्यावर हशा पिकला. एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे वीज आमच्या करातून फुकट, आणि मोटर आमच्या ड्यूटीच्या वेळात!" पुन्हा हशा. अण्णा तेव्हा चहाचे कप फिरवत होते. तेही थोडं हसले. ड्यूटीत फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा, असं ठरलं.

यंत्राला नंबर एकट्या अण्णांचाच जोडलेला, त्यामुळे चार दिवस करंट आला आणि तसाच गेला. पाला करपायला लागला, असं बायकोनं कळवलं. अण्णा सुट्टी काढून गावी गेले आणि यंत्राचं बटन 'ऑटो'वर टाकून आले. आता करंट आला की मोटर आपोआप सुरू होणार होती. फोन नको, आकडा नको. "बरं झालं अक्का, कुनाची कटकटच ऱ्हायली न्हाई," असं मला सांगितलंसुद्धा.

एके दिवशी मोटरीला जाणारी वायर बांधावरून घसरून ओलात पडली होती. करंट नाही असं बघून अण्णांची बायको ती उचलायला गेली. तेवढ्यात करंट आला. लांब आहेस ना, असं विचारणारं मध्ये कुणी उरलं नव्हतं.

तिच्या भावाचा फोन ऑफिसात आला. मी खाली गेले तेव्हा अण्णा गेट उघडं धरून उभे होते. गाडी कुठलीच येत नव्हती. मी हाक मारली. "बटन मीच फिरवून आलोतो अक्का," एवढंच म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने गेले.

फोनचा नियम पुढच्या बैठकीत मुकाट्याने मागे घेतला गेला. दोष कुणाचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. राग मात्र येतो, आणि तो बैठकीतल्या त्या हसण्याचाच जास्त येतो. अण्णांच्या बायकोला मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी त्या दिवशी मी रडले.

महिन्याभराने मी अण्णांना फोन केला. ते रानातच होते, मागे पाण्याचा आवाज येत होता.

"परत येणार का?" मी विचारलं.

"न्हाई अक्का. आता दोन्ही कामं मलाच." मग म्हणाले, "पानी सोडलंय. पर इतकी वर्सं निस्तं सोडतच आलो. कुठली सरी आदी भरायची, कुठं दार मोडायचं, सगळं तिलाच ठाव हुतं. मी आपला खोरं घेऊन हुबा हाय. माजंच रान, अक्का, आनि मला वळकंना झालंय."